थेंबाने मोजावयाची तेले



'घरातील सुगंधी तेले आणि त्यांचा जपून वापर' हा आमचा विषय वाचून एका स्नेह्याने विचारले, "यात व्याख्यान देण्यासारखे आहे काय? बूच काढावे आणि लावावे!" आम्हीही पुष्कळ वर्षे याच मताचे होतो. ते मत कसे पालटले, तेच आधी सांगतो.

आमच्या घरी उन्हाळ्याच्या तोंडाशी अमृतधारा करून ठेवण्याचा जुना रिवाज. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल सारख्या वजनाने बाटलीत घालून बूच लावावयाचे. तिन्ही पदार्थ कोरडे, पाण्याचा टिपूस नाही, आणि पाहता पाहता त्यांचा रस होतो. लहानपणी आम्हाला हा चमत्कारच वाटे. एका वर्षी ती आम्ही खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली. रात्री नातवाला उबळ आली, दिवे गेलेले. हाताला ती बाटली लागली आणि चमच्यात तीच ओतली गेली. पोराने बहुतेक थुंकून टाकले, पण थोडे पोटात गेलेच. अर्ध्या तासात त्याच्या अंगाला झटके येऊ लागले. शेजारी म्हणत होते, मीठपाणी पाजून ओकवा. सुदैवाने सुनेने कोणाचे ऐकले नाही. तिने मुलाला तडक इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, ओकवले नाही हे फार चांगले केले. ओकताना असले तेल श्वासनळीत उतरले तर फुफ्फुसाला इजा होते. मुलगा दोन दिवसांनी हसत घरी आला. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, आणि ती भरणारे आम्हीच होतो.

त्या दिवसापासून आमचा 'तेल' या शब्दावरच राग आहे. तिळाचे, जवसाचे, करडीचे ते तेल, आणि लवंगेचे, निलगिरीचे तेही तेलच! पहिले आपण पळीने ओततो, तळहाताने डोक्यावर थापतो. दुसऱ्यालाही त्याच ओळखीने वागवू लागतो, आणि तेथेच घात होतो. दोघांचे नाते नावापुरते आहे. कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाकून पाहा. जवसाचा डाग राहील. निलगिरीचा बहुधा उडून जाईल. ही फसगत केवळ मराठीतली नव्हे. अमेरिकेत एरंडेल समजून कापराचे तेल मुलांना पाजले गेल्याचे प्रकार पुन्हा पुन्हा घडले, तेव्हा १९८२ साली तेथे त्या तेलाची विक्रीच बंद झाली. अशा तेलात कापूर शेकडा वीस असे. म्हणजे चहाच्या एका चमच्यात सुमारे एक ग्रॅम. तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतण्यास तेवढा पुरे.

हा अर्क किती दाट असतो, ते आपल्या मुलखातल्या रोशा गवतावरून ध्यानात येईल. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मेळघाट, बैतूल, निमाड, आणि पलीकडे खानदेश, या रानांतून पावसाळा सरला की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. फुलोऱ्यावर आलेले गवत पाण्यासह भांड्यात उकळावयाचे, वाफ नळीतून थंड करावयाची, आणि पाण्यावर तरंगणारे तेल काढून घ्यावयाचे. शंभर किलो ताज्या गवतातून तेल निघणार अर्धा किलोच्या आतच. म्हणजे हातावरचा एक थेंब हा मूठभर गवताचा ऐवज झाला. या तेलाला गुलाबाच्या जवळचा वास असतो. म्हणून ते मुंबईहून कॉन्स्टँटिनोपलला जाई, तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, आणि युरोपात 'तुर्की जिरेनियम' म्हणून विकले जाई. आमच्या मेळघाटचे गवत, नाव तुर्कस्तानचे! आजही बाटलीवरचे गोंडस नाव वाचून भुलू नये. वनस्पतीचे नाव आणि भरल्याची तारीख नसेल तर ती बाटली दुकानातच राहू द्यावी.

आता प्रमाण. चहाच्या चमच्यात साधारण पाच मिलिलिटर, म्हणजे शंभर थेंब, मावतात. चमचाभर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात एक थेंब अर्क टाकला की शेकडा एक झाले. नवशिक्याने एवढ्यावरच थांबावे. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस किंचित लावून एक दिवस वाट पाहावी. पाण्यात मिसळतो म्हणाल तर ते मिसळत नाही. वर तरंगते आणि जेथे लागेल तेथे निखळ लागते. अंगाची आग झाली तर आधी खाण्याच्या तेलाने पुसावे, मग साबणाने धुवावे. डोळ्यांत गेले तर मात्र स्वच्छ पाण्याची धार, पंधरा मिनिटे, आणि मग डॉक्टर.

दाढदुखीवर लवंगेचे तेल आजीबाईंच्या काळापासून चालत आले आहे. पण ते कापसाच्या टोकाने दाताच्या खड्ड्यातच टेकवावे. बोटाने हिरडीला चोळले तर हिरडी भाजते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाशी कापूर, निलगिरी, पुदिन्याचे फूल यांतले काहीही नेऊ नये. त्याचा श्वास अडकू शकतो. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात, तीही नको. तोंडात जाण्यास तिला वेळ लागत नाही. फेफऱ्याचा विकार असलेल्या मोठ्या माणसांनीही जपावे. कापूर-निलगिरीच्या वासाने व बामाने प्रौढांनाही झटके येतात, असे बंगळूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अलीकडे दाखवून दिले आहे. २०२०-२१ च्या साथीत घरोघर वाफेची भांडी निघाली, त्यांत कित्येक मुले भाजली. दोष तेलाहून उकळत्या पाण्याचा अधिक, पण भांडे मुलापुढे ठेवणारे आपणच.

आपल्या नागपूरचे ऊन तर निराळेच प्रकरण. लिंबाच्या सालीचे पिळून काढलेले तेल अंगाला लावून वैशाखात बाहेर पडाल, तर त्या जागी त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतील. संत्र्याचे तेल या बाबतीत पुष्कळ सौम्य. पण तेही जुने झाले, हवा लागली, की खाज सुटते. म्हणून बाटली लहान घ्यावी, रंगीत काचेची घ्यावी, बूच घट्ट असावे. आणि तिची जागा अंधाऱ्या, थंड कपाटात, कुलपाआड. औषधांच्या फळीवर नव्हे!

ही तेले पेटतात, हे कोणी वेगळे सांगावयास नको. संत्र्याची साल ज्योतीसमोर दाबून ठिणग्या कोणी उडवल्या नाहीत? (तीच साल शेजाऱ्याच्या डोळ्यांत पिळण्याचा उद्योगही आम्ही केला आहे, आणि मास्तरांचा मारही खाल्ला आहे.) तेव्हा देवघरातल्या समईत किंवा गॅसच्या शेगडीजवळ हे प्रयोग नकोत.

आणि ज्याला घरात नुसता सुवास हवा, त्याने बाटलीच्या वाटेला तरी कशाला जावे? खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा, त्यावर पाणी शिंपडावे. वाळ्याच्या मुळांत तेल आहेच. वारा ते आपल्या बेताने खोलीत आणतो. तो पडदा मात्र अधूनमधून कडक उन्हात वाळवावा, नाहीतर चार दिवसांत कुबट वास येतो.