शांत झोप : शस्त्रक्रियेनंतरचा उपचार





हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली की आपण सारेच सुटकेचा निःश्वास टाकतो. रुग्णाची कसोटी मात्र त्यानंतरच्या रात्री लागते. बायपासच्या वेळी कापलेले छातीचे हाड पूर्ण सांधण्यास साधारणतः २ ते ३ महिने लागतात. उताणे झोपण्याची सक्ती, वेदना, नळ्या, यंत्रांचे इशारे आणि अखंड उजेड यांमुळे अतिदक्षता विभागात झोप सलग लागत नाही. काही रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, भ्रम होतो. ते नळ्या ओढतात, आप्तांना ओळखत नाहीत. ही अवस्था बहुधा तात्पुरती असते. तरीही तिच्यामुळे रुग्णालयातील मुक्काम लांबतो.

"मग झोपेची गोळी का देत नाही?" असे आम्हांला वारंवार विचारले जाते. अशा काही गोळ्यांनी भ्रम वाढतो, तोल जातो. म्हणून आम्ही आधी निद्रानाशाची कारणे दूर करतो. वेदनाशामक औषध वेळेवर देतो. लघवी वाढविणारे औषध शक्यतो सकाळी देतो. रात्रीच्या तपासण्या जमतील तितक्या एकाच वेळी उरकतो. दिवे मंद करतो, डोळ्यांवर पट्टी व कानांत बोळे देतो. दिवसा पडदे उघडून रुग्णास बसवितो, चालवितो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली रुग्णकक्षातील रात्रीच्या आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचविली होती. ती गाठणे कोणत्याही अतिदक्षता विभागास अवघडच. परंतु हलक्या आवाजात बोलण्यास खर्च येत नाही.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे. रुग्ण मोठ्याने घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडत असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. त्याचा चष्मा व श्रवणयंत्र आणावे. भेटीत दिवस, वार, घरची खुशाली सांगावी. रात्री मोबाईल बंद ठेवावा. घरी गेल्यावर दुपारची झोप थोडकी आणि सायंकाळनंतर चहा-कॉफी नको. आडवे होताच धाप लागत असेल, तर त्यास निद्रानाश समजून थांबू नये; तत्काळ रुग्णालयात यावे.

देणगीदारांच्या औदार्याने यंत्रे येतात, रुग्णांचे प्राण वाचतात. त्या प्राणांना विसावा देणारी रात्र मात्र परिचारिका, सेवक आणि कुटुंबीय मिळूनच राखू शकतात. या कामी आपणां सर्वांचे सहकार्य लाभावे, ही नम्र प्रार्थना.