एकवीस आकड्यांचे कोडे

सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा परस्परांशी गुणाकार करावा आणि येणाऱ्या संख्येतून एक वजा करावा. उत्तर येते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस आकड्यांची ही संख्या मूळसंख्या आहे की दोन लहान संख्यांचा गुणाकार आहे, एवढाच प्रश्न. परंतु त्याचे पूर्ण उत्तर हाती यावयास अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

फ्रान्समधील मेर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये अशा संख्यांची एक यादी प्रसिद्ध केली. दोनाचा पाचवा घात घेऊन एक वजा केला की ३१ ही मूळसंख्या मिळते. अकरावा घात घेतला, तर मात्र २०४७ येतात, आणि ते २३ व ८९ यांचा गुणाकार होत. मूळसंख्या देणारे घात कोणते, हे सांगताना मेर्सेनने त्यांत ६७ चाही समावेश केला. पुरावा त्याने दिला नव्हता. तरी त्याच्या नावाचा दबदबा मोठा होता.

१८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने अवयव न शोधताच परीक्षा करण्याची युक्ती काढली. लेहमरने पुढे सुलभ केलेले तिचे रूप असे : चारापासून आरंभ करावा, वर्ग करून दोन वजा करावे, दिलेल्या संख्येने भागून केवळ बाकी ठेवावी आणि घाताहून दोनाने कमी इतक्या वेळा हेच करावे. शेवटी शून्य उरले, तर संख्या मूळ. ३१ करिता १४, मग ८ आणि मग शून्य येते. ल्युकाने ६७ व्या घाताविषयीचा दावा खोटा ठरविला. पेटीत काहीतरी आहे हे कळले. कुलूप मात्र उघडले नाही.

या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या एखाद्या पटीहून एकाने अधिक असतो. तरीही लहान अवयव या रांगेत १४,४५,५८० वा आहे! तो शोधला अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत ते फळ्यापाशी गेले, अशी हकीकत सांगतात. एका बाजूस त्यांनी ती प्रचंड संख्या काढली. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी मागाहून सांगितल्याचे म्हणतात.

आज संगणक हे काम क्षणार्धात करतो. तथापि गुणणे सोपे आणि फोडणे अवघड, हा भेद मिटलेला नाही. सहाशेहून अधिक आकड्यांच्या संख्या फोडता येत नाहीत, या भरवशावरच आज कितीतरी गुप्त संदेशांचे रक्षण होते. मेर्सेनचे नाव या संख्यांना अजूनही आहे. परंतु त्याच्या शब्दाचा खरेखोटेपणा ठरविला तो एका गुणाकाराने, आणि तो गुणाकार कागद-पेन्सिल घेऊन शाळेतले मूलही पडताळून पाहू शकते.