माझा अर्ज मीच लिहिते

(जालना येथे प्रौढ व निरंतर शिक्षण वर्गातील महिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मी लेखिका कशी झाले’ यावर बोला, असं मला सांगितलं आहे. माझ्या नावावर सात कथा आहेत. एवढ्यावर कुणी लेखिका होत असेल, तर मी झाले. पण सुरुवात कथेने झाली नाही. ती एका अर्जाने झाली.

माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. लग्न होऊन जुन्या जालन्यात आले. मालक सळईच्या कारखान्यात कामाला होते. ते वारले तेव्हा मी ३१ वर्षांची होते, पदरात दोन मुली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा होता. तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेल्या एका अर्जनवीसाकडे गेले आणि अर्धा तास सगळं सांगितलं. त्यांनी लिहिलं, पैसे घेतले आणि बोट ठेवलं. तिथे मी उर्दूत सही केली. वर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं.

कित्येक वर्षांनी, मराठी वाचायला आल्यावर, पेटीत त्या अर्जाची झेरॉक्स सापडली. त्यात मी ‘अत्यंत दीन, अडाणी व असहाय’ होते. रात्री बारापर्यंत शिलाई मशीनवर बसते, हे मी सांगितलं होतं. सासूबाई मुलींना सांभाळतात, हेही सांगितलं होतं. यातलं काहीच कागदावर नव्हतं. त्या माणसाला मी दोष देणार नाही. असं लिहिल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही, असं त्यांना वाटलं असेल. पण खाली सही माझी होती आणि वरची बाई मी नव्हते.

आता गंमत बघा. जनगणनेत सात वर्षांवरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं, तो साक्षर धरतात. म्हणजे अर्जात अडाणी असलेली मी जनगणनेत साक्षर होते!

आपल्या भागात हे नवं नाही. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं आणि कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हा मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपली तक्रार मांडायला उर्दू जाणणारा माणूस गाठावा लागायचा. पुढे कचेरीची भाषा बदलली आणि माझ्यासारखीला मराठी जाणणारा गाठावा लागला. भाषा बदलली, टेबल तिथेच राहिलं. ते टेबल आपलं आपण ओलांडायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

मुली मोठ्या झाल्यावर वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. पहिले काही दिवस मी वही मागूनच उघडायची आणि शेजारच्या बाया हसायच्या. मग एक गोष्ट लक्षात आली. अर्ज, दाखला, कागद, कलम, शाई, तारीख हे तर माझ्या घरातलेच शब्द! ते मराठीत माझ्याआधी येऊन बसले होते. भीती निम्मी तिथेच गेली.

तरी वर्ष-सहा महिने आम्ही फक्त फळ्यावरचं उतरवत होतो. एके दिवशी बाई म्हणाल्या, “आज फळा कोरा. सकाळी घरात काय झालं, ते पाच ओळींत लिहा.” वर्ग गप्प. मी एकच ओळ लिहिली आणि अडले. विचारलं, “बाई, अम्मी लिहू की आई?” त्या म्हणाल्या, “तुम्ही हाक काय मारता?” म्हटलं, “अम्मी.” “मग अम्मीच लिहा.” माझं लिखाण त्या उत्तरापासून सुरू झालं असं मी मानते.

पुढे मुक्त विद्यापीठाची माहिती कळली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालं. दहावी-बारावीचा कागद नसलेल्या प्रौढांसाठी तिथे पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. तो करून मी बी.ए.ला गेले. पुस्तकं शिलाईच्या कपड्यांखाली ठेवायची आणि गिऱ्हाईक गेलं की वाचायची.

तिथे समजलं की या वाटेवर मी पहिली नाही. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर घरात अक्षरं गिरवायला शिकल्या आणि १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने आली. बेबी कांबळे फलटणला दुकानाच्या गल्ल्यावर बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. फुले दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शिकणं आणि आपलं म्हणणं मांडणं, दोन्ही एकाच वर्षात! आपण मात्र सही आली की वर्ग बंद करतो.

माझी पहिली कथा अम्मीवर होती. अम्मी कुराण सुरेख वाचते, पण तिला लिहायला शिकवलं नाही. मुलगी लिहायला लागली तर चिठ्ठ्या लिहील, अशी नानांना भीती. ही भीती तेव्हा सगळ्याच समाजांत होती. अम्मी दुधाचा हिशेब चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवायची. ते मी लिहिलं आणि एका दिवाळी अंकात छापून आलं.

भाऊ आठ महिने माझ्याशी बोलला नाही. “घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली,” म्हणाला. चूक माझीही होती. छापायला देण्याआधी मी ती अम्मीला वाचून दाखवली नव्हती. तिच्याबद्दल तिला न विचारता लिहिलं, म्हणजे मीही तहसीलबाहेरच्या टेबलावरच बसले होते ना? मग एका दुपारी मी तिच्याजवळ बसले आणि सगळी कथा वाचली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, “सब बराबर लिखी, लेकिन लकीरां गलत लिखी.” मी पाच-पाच रेघांचा गट लिहिला होता. ती सात-सात मारायची, आठवड्याचा हिशेब म्हणून. मी पेन काढून दुरुस्त केलं. ज्या बाईला लिहू दिलं नव्हतं, तिने माझी कथा तपासली. तेव्हापासून ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवते. भाऊ आता बोलतो, पण कथेचा विषय काढत नाही. तेही मी मान्य केलं आहे.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यातल्या स्त्रियांची साक्षरता सुमारे ६१ टक्के होती आणि पुरुषांची ८१ टक्क्यांहून जास्त. हे अंतर कमी व्हायलाच हवं. पण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, सहीवर थांबू नका. आठवड्यातून एक दिवस फळा कोरा ठेवा. बायांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या आणि शुद्धलेखन नंतर बघा.

आणि बहिणींनो, घरी गेल्यावर आपल्या नावाचा एखादा जुना अर्ज असेल तर काढून वाचा. त्यातली बाई तुम्हीच आहात का, ते बघा. नसाल तर पुढच्या वर्गाला वही घेऊन या.