होजिअरीच्या कपड्यांसाठी फ्लॅटलॉक शिवणयंत्र : निवड आणि वापर

(शेतकरी महिलांच्या शिवणकाम प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



काल वर्ग सुटताना आपल्यापैकी दोघी-तिघींनी मला एक टी-शर्ट दाखवला. त्याच्या घेराला वरून दोन समांतर टिपा होत्या आणि आतून जाळीसारखे टाके होते. "बाई, अशी टीप आमच्या पायाच्या मशीनवर का येत नाही? आणि येत नसेल तर ज्या मशीनवर येते ती घ्यावी का?" असा त्यांचा प्रश्न होता. ही टीप ज्या यंत्रावर घातली जाते त्याला बाजारात फ्लॅटलॉक मशीन म्हणतात. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

आधी पाहण्यात आलेली एक गोष्ट सांगते. एका गावातील बचत गटाला शाळेच्या खेळाच्या टी-शर्टांचे काम मिळण्याची आशा होती. गटाने कर्ज काढले, शहरात जाऊन दुकानात "टी-शर्ट शिवायची मशीन द्या" असे सांगितले. दुकानदाराने फ्लॅटलॉक दिले. त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु यंत्र घरी आल्यावर कळले की त्यावर फक्त बाहीचा आणि घेराचा काठ दुमडून शिवता येतो. खांदे जोडणे, बाही लावणे, बाजू शिवणे हे ओव्हरलॉकचे काम, आणि ओव्हरलॉक तर गटाकडे नव्हतेच. पुढच्या वर्षी जुने ओव्हरलॉक मिळेपर्यंत नवे यंत्र पोत्याखाली झाकून पडले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. हा अनुभव आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून पुढील माहिती लक्षपूर्वक ऐकावी.

टाक्यातील फरक

पायाच्या मशीनवर वरचा धागा आणि बॉबिनचा धागा एकमेकांत अडकून साधी टीप तयार होते. मागावर विणलेल्या कापडासाठी, म्हणजे खण, लट्ठा, पॉपलीन यांसाठी ती उत्तम. परंतु होजिअरीचे कापड फासाफासांनी विणलेले असल्याने ते ताणले जाते. साध्या टिपेत धागा मोजकाच असतो. कापड ताणले की टीप तटकन तुटते.

फ्लॅटलॉकमध्ये बॉबिन नसते. वर दोन किंवा तीन सुया असतात आणि खाली लूपर नावाचा आकडा असतो. लूपर आपला धागा सुयांच्या फासांतून आडवा फिरवतो व आत जाळी तयार होते. या जाळीत धागा भरपूर असल्यामुळे कापडाबरोबर टीपही ताणली जाते, शिवाय कापलेली कडा जाळीखाली झाकली जाते. एक मीटर साध्या टिपेला अडीच ते तीन मीटर धागा लागतो. त्याच लांबीच्या फ्लॅटलॉकला साधारण १५ ते १८ मीटर धागा जातो. म्हणून या यंत्राला लहान रीळ परवडत नाही, मोठे कोन घ्यावे लागतात.

आणखी एक महत्त्वाचा फरक. ओव्हरलॉकला चाकू असतो, तो जास्तीची कडा कापत जातो. फ्लॅटलॉकला साधारणपणे चाकू नसतो. म्हणून दोन तुकडे जोडायला ओव्हरलॉक आणि काठ दुमडायला फ्लॅटलॉक, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

नावांचा घोटाळा

बाजारात 'इंटरलॉक' हा शब्द तीन अर्थांनी वापरतात. काही दुकानदार ओव्हरलॉकलाच इंटरलॉक म्हणतात. कारखानी यंत्रांच्या माहितीपत्रकात फ्लॅटलॉकलाही इंटरलॉक म्हटलेले आढळते. त्यात भर म्हणजे होजिअरीच्या एका जाड कापडाचे नावही इंटरलॉक आहे. तेव्हा नावावर विसंबू नये. घरातला एक टी-शर्ट पिशवीत घालून न्यावा, घेराची टीप दाखवावी आणि "हीच टीप माझ्यासमोर घालून दाखवा" असे सांगावे.

आधी हिशेब, मग खरेदी

आपण दोन एकरांसाठी मळणीयंत्र विकत घेत नाही, भाड्याने आणतो. इथेही तोच विचार करावा. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, टेबल व मोटारीसह यंत्र ६०,००० रुपयांना पडले आणि शहरातील कारागीर एका टी-शर्टाच्या दोन बाह्या व घेर शिवायला १० रुपये घेतो. वर्षाला ३०० टी-शर्ट होत असतील तर यंत्रामुळे फक्त ३,००० रुपये वाचतील. किंमत वसूल व्हायला २० वर्षे लागतील. तेच काम ३,००० नगांचे असेल तर वर्षाला ३०,००० रुपये वाचतील आणि धागा, सुया, वीज व दुरुस्ती वजा जाता तीन वर्षांच्या आसपास यंत्र मोकळे होईल. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब प्रत्येकीने वहीत मांडावा.

घरच्या चार-सहा कपड्यांपुरतेच काम असेल तर जुळी सुई वापरून पहावी. एकाच दांड्याला दोन सुया बसवलेल्या असतात. त्यातील ताणाच्या कापडासाठीची, चार मिलिमीटर अंतराची सुई घ्यावी. मात्र ही सुई झिगझॅग मशीनवरच चालते. आपल्या काळ्या पायाच्या मशीनच्या पट्टीला एकच बारीक भोक असते. त्यावर जुळी सुई आपटून मोडेल.

थोडक्यात, पहिले यंत्र साध्या टिपेचे, दुसरे ओव्हरलॉक आणि तिसरे फ्लॅटलॉक, हा क्रम सोडू नये.

घरगुती की कारखानी?

घरगुती यंत्र लहान असते, ओट्यावर किंवा टेबलावर मावते, वीज कमी लागते. त्याचा वेग मिनिटाला साधारण एक हजार टाक्यांच्या घरात असतो. एका सुयोग्य बैठकीत वीस-पंचवीस कपड्यांचे काम ते करते. सतत दिवसभर राबवण्यासाठी ते बनवलेले नाही. ओव्हरलॉक व फ्लॅटलॉक एकत्र असलेले घरगुती यंत्रही मिळते. त्यात जागा वाचते, पण दर वेळी सुया, धागे व पट्टी बदलत बसावे लागते. नगांवर काम करणारीला हे जमत नाही.

कारखानी यंत्र टेबलासह येते, वजनदार असते आणि दिवसभर चालते. ते घेताना दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली म्हणजे बैठक. सपाट बैठकीच्या यंत्रावर लहान मुलाची शिवून झालेली बाही चढत नाही. म्हणून बाहीचा काठ आधी सपाट असताना शिवायचा आणि मग बाजू जोडायची. नळीसारख्या अरुंद बैठकीवर तयार बाहीही फिरवता येते. दुसरी गोष्ट म्हणजे मोटार. घरात सिंगल फेज वीज असते. विहिरीवरच्या पंपाची थ्री फेज वेगळी आणि ठराविक तासांचीच. म्हणून सिंगल फेजवर चालणारी सर्वो मोटारच मागावी. जुन्या क्लच मोटारीप्रमाणे ती रिकामी फिरत राहत नाही, त्यामुळे वीज वाचते आणि शिकणारीला वेगही कमी ठेवता येतो.

दुकानात काय पहावे?

१. आपले कापड सोबत न्यावे : पातळ सिंगल जर्सी, ताणाचे लायक्रा मिश्रित कापड आणि ओव्हरलॉकने जोडलेला एक तुकडा.
२. जोडाच्या जाड भागावरून टीप नेऊन पहावी. तिथेच टाके सुटतात. शिवण उलटी करून जाळी अखंड आहे का ते पहावे.
३. शिवलेला काठ जोराने ताणावा. धागा तुटता कामा नये.
४. कापड सरकवणाऱ्या पुढच्या व मागच्या दात्यांचा वेग वेगवेगळा ठेवण्याची सोय, म्हणजे डिफरन्शियल फीड, असलीच पाहिजे.
५. सुईचा नंबर वहीत लिहून घ्यावा. कारखानी फ्लॅटलॉकला बहुधा यूवाय १२८ जीएएस ही सुई लागते. घरगुती यंत्राला मेकप्रमाणे वेगळी असते. एकीची सुई दुसरीला चालत नाही.
६. सुटे भाग व मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो का, हे विचारावे. शंभर किलोमीटरवरचा मिस्त्री ऐन कामाच्या दिवसांत उपयोगी पडत नाही.

ज्या भगिनी आधीपासून शिवणकाम करतात त्यांनी २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्यातील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो.

काम करण्याची पद्धत

सुती होजिअरी धुतल्यावर आटते. म्हणून कापण्यापूर्वी कापड भिजवून, सपाट पसरून वाळवावे. दोरीवर टांगल्यास ते लांबते.

सुई गोल टोकाची घ्यावी. टोकदार सुई कापडाचा फास तोडते आणि दोन धुण्यांनंतर तिथे भोक दिसते. सुई खोबणीत अगदी वरपर्यंत सारून स्क्रू आवळावा. सुयांची टोके एका पातळीत दिसत नाहीत, ती यंत्राची रचना आहे. त्या सारख्या करण्याचा प्रयत्न करू नये. धागा बदलताना नवा धागा जुन्याच्या टोकाला बांधून ओढून घ्यावा. गाठ सुईपाशी आली की कापावी आणि धागा हाताने ओवावा.

टीप कापडाच्या सुलट बाजूने पडते, त्यामुळे आत दुमडलेली कडा दिसत नाही. येथेच नवशिक्यांचे चुकते. दोन सेंटिमीटर दुमड घातली असेल आणि सुयांत सहा मिलिमीटर अंतर असेल, तर दुमडीच्या घडीपासून उजवी सुई १.७ सेंटिमीटरवर आणि डावी २.३ सेंटिमीटरवर पडली पाहिजे. म्हणजे कडा बरोबर दोन टिपांच्या मध्ये येते. एवढे अंतर मोजून पट्टीवर चिकटपट्टीची खूण करावी आणि घडी त्या खुणेला लावून चालावे. दुमडीला आधी इस्त्री फिरवावी.

बाजूच्या जोडापाशी शिवणीचे थर जमून उंचवटा होतो. तेथे दुमडीच्या घडीजवळ शिवणीच्या मायेला छोटा छेद द्यावा, टाक्यांना धक्का लावू नये. वरची माया एका बाजूला व खालची दुसऱ्या बाजूला वळवावी. जोडावरून सावकाश जावे. गोल घेर शिवताना जोडाजवळून सुरुवात करून शेवटी पहिल्या टिपेवर दोन सेंटिमीटर टीप घ्यावी.

टीप थांबवणे

हा टाका साखळीचा आहे. जिथे आपण थांबतो त्या टोकाकडून ओढला तर पोत्याच्या शिवणीसारखा सरसर उसवतो. घरगुती यंत्रावर थांबण्याची रीत अशी : सुया सर्वांत वर घ्याव्यात, दाबपट्टी उचलावी, सुयांचे धागे चिमट्याने पुढे ओढून थोडे सैल करून कापावेत, आणि मग कापड झटक्यात मागे ओढावे. सुयांचे धागे आपोआप खालच्या बाजूला जाऊन अडकतात. नंतर लूपरचा धागा कापावा. आज दुपारी प्रत्येकीने हे चिंधीवर दहा वेळा करून दाखवायचे आहे.

नेहमीचे दोष व उपाय

काठाला लाटा पडत असतील तर डिफरन्शियल १ वरून १.३, मग १.५ असे वाढवावे. चुण्या पडू लागल्या तर कमी करावे. दोन टिपांच्या मध्ये कापड उभे राहून बांधासारखे दिसत असेल तर धाग्याचा ताण जास्त आहे. आधी लूपरचा आणि मग सुयांचा ताण थोडा थोडा सैल करावा. टाके सुटत असतील तर प्रथम सुई बदलावी, नंतर ओवणे तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष कशाने गेला ते कळत नाही.

निगा

होजिअरीचा कापूस लूपरभोवती साचतो. दररोज काम संपल्यावर प्लग काढून ब्रशने तो साफ करावा. कारखानी यंत्राच्या काचेतून तेलाची पातळी आठवड्याला पहावी, शिवणयंत्राचेच तेल घालावे. यंत्र धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नये. धुळीने ते जड होते आणि उंदीर वायर कुरतडतात.

शेवटी वेळेचे गणित. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि आपली पेरणीही तेव्हाच असते. गणवेशाचे काम घ्यायचे तर मापे मार्चमध्ये, कापड एप्रिलमध्ये आणि शिवण मेअखेर पुरी झाली पाहिजे. मृगाचा पाऊस पडल्यावर घरातील कुणालाच मशीनवर बसता येणार नाही, हे काम स्वीकारण्यापूर्वीच शाळेला सांगावे.

भगिनींनो, यंत्र चांगले की वाईट हे त्याच्या चकाकीवर ठरत नाही. त्यासाठी घरात पुरेसे काम आहे का, यावर ठरते. येथून गेल्यावर लगेच दुकानात जाऊ नका. आधी गेल्या वर्षभरात होजिअरीचे किती कपडे शिवले आणि किती परत पाठवावे लागले ते वहीत लिहा. तो आकडाच तुम्हाला योग्य सल्ला देईल.