फातिमा नावाच्या अनेकजणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका नावाबद्दल बोलायचं आहे. नाव तुमच्या-आमच्या ओळखीचं आहे, फातिमा. कुणी फातमा म्हणतं, कुणी फातेमा. हे नाव कानावर पडलं की ऐकणाऱ्याच्या मनात त्या बाईचा धर्म, तिची वस्ती, तिचा पेहराव यांचं एक चित्र क्षणात उभं राहतं. आपल्याकडे एखाद्याचं पूर्ण नाव विचारण्यामागे पुष्कळदा तेवढाच हेतू असतो. पण या नावाच्या मागे मागे थोडं चालत गेलं, तर हे चित्र काही नीट टिकत नाही. ते का, हेच आज सांगायचं आहे.

आधी अर्थ पाहू. अरबी भाषेतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून तयार होतात. फ, त आणि म या तीन व्यंजनांचा धातू आहे आणि त्याचा अर्थ मुलाचं अंगावरचं दूध तोडणं. आपल्या आया-आज्या त्यासाठी कोरफडीचा गर नाहीतर कडुनिंबाचा रस लावायच्या, ते आठवा. फातिमा हे त्या धातूचं कर्तृवाचक स्त्रीलिंगी रूप. म्हणजे फातिमा ही दूध तोडणारी. पिल्लाचं दूध तुटलेल्या उंटिणीलाही अरब लोक याच धातूवरून आलेला शब्द वापरत.

बारशाच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या नावांच्या पुस्तिकांमध्ये मात्र फातिमाचा अर्थ कधी कधी 'मनमोहक' असा छापलेला दिसतो. आईबापांना अर्थ गोड हवा असतो, तेव्हा छापणाराही तो गोड करून देतो. मला स्वतःला मूळ अर्थच जास्त आवडतो. ज्या काळात जन्मलेली कितीतरी मुलं वर्षभरातच जात, त्या काळात मुलाचं दूध तोडायची वेळ येणं ही लहान गोष्ट नव्हती. कुरआनात पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे. दूध तोडलं, म्हणजे मूल तेवढं वाढलं, जगलं, आता भाकरी खाऊ लागलं. नुकत्या जन्मलेल्या मुलीला हे नाव देणाऱ्यांच्या मनात, हिची मुलं जगोत, अशी इच्छा असावी, असा तर्क सहज करता येतो. पुढे भाविकांनी याच धातूचा वेगळा अर्थ लावला. तोडणं म्हणजे वेगळं करणं. परमेश्वराने जिला आणि जिच्या भक्तांना नरकाच्या आगीपासून वेगळं केलं, ती फातिमा. शिया परंपरेत हा अर्थ विशेष प्रिय आहे.

हे नाव इस्लामबरोबर जन्माला आलं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. इस्लामपूर्व अरबस्तानातला मोठा कवी इम्रु-उल-कैस याने आपल्या गाजलेल्या कसिद्यात जिची मनधरणी केली आहे, तिचंही नाव फातिमाच. पैगंबरांच्या आजीचं, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या आईचं नाव फातिमा होतं. त्यांच्या पहिल्या पत्नी खदीजा यांच्या आईचं नावही फातिमा. चुलतभाऊ आणि पुढे जावई झालेल्या अली यांची आई, तीही फातिमा.

एका घराण्यात इतक्या फातिमा झाल्या की त्यांचं अनेकवचन वापरावं लागलं. ते आहे 'फवातिम'. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबरांना कुणीतरी रेशमी वस्त्र भेट पाठवलं. ते त्यांनी अलींच्या हाती दिलं आणि याच्या ओढण्या करून फवातिमांमध्ये वाटून टाक, असं सांगितलं. आता या फवातिम कोण कोण, यावर भाष्यकारांनी बराच खल केला आहे. अलींची आई, अलींची पत्नी आणि पैगंबरांचे चुलते हमजा यांची मुलगी, एवढ्या तिघी तर धरतातच. एका घरात तीन-तीन सुमन किंवा चार-चार मंगल असल्या की आपल्याकडेही मोठी, धाकटी, पुण्याची, नाशिकची असं म्हणावं लागतं, त्यातलाच हा प्रकार.

या तिघींपैकी अलींची पत्नी म्हणजे पैगंबरांची मुलगी फातिमा. आज जगभर हे नाव ठेवलं जातं ते तिच्यामुळे. 'झहरा', म्हणजे तेजस्विनी, ही तिची पदवी. तिची आणखी एक उपाधी मोठी विलक्षण आहे. 'उम्म अबीहा', म्हणजे आपल्या बापाची आई. आई खदीजा गेल्यानंतर या मुलीने वडिलांची काळजी घेतली. काबेपाशी नमाज पढत असताना विरोधकांनी वडिलांच्या पाठीवर उंटिणीच्या पोटातली घाण टाकली, ती हिने धावत येऊन दूर केली. इसवी सन ६२५ मधल्या उहुदच्या लढाईत वडील जखमी झाले. रक्त थांबेना, तेव्हा हिने चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेत भरली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती जात्याची गोष्ट. जातं ओढून ओढून फातिमाच्या हातांना घट्टे पडले होते. वडिलांकडे काही बंदिवान आले आहेत, असं कळलं, म्हणून एखादी कामवाली मिळेल का, हे विचारायला ती गेली. कामवाली मिळाली नाही. रात्री वडील तिच्याकडे आले आणि त्याहून चांगलं काही सांगतो, म्हणून त्यांनी झोपण्यापूर्वी म्हणायचा जप शिकवला. ईश्वराची पवित्रता ३३ वेळा, स्तुती ३३ वेळा, थोरवी ३४ वेळा. हा जप आजही 'तस्बीह-ए-फातिमा' म्हणून मुस्लिम घरांत म्हटला जातो. ज्यांच्या घरी पहाटे जात्याची घरघर आणि ओव्या ऐकू येत होत्या, त्यांना ही फातिमा परकी वाटायचं कारण नाही. श्रमाच्या जोडीला देवाचं नाव लावून द्यायचं, ही रीत आपल्याकडेही होतीच. (कामवाली मिळाली असती तर बरं झालं असतं, असं मनात येतं, तो भाग वेगळा.)

वडिलांच्या पाठोपाठ काही महिन्यांतच, इसवी सन ६३२ मध्ये, तीही गेली. तिची कबर नेमकी कुठे, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. पैगंबरांचा वंश पुढे चालला तो हिच्याच मुलांकडून, हसन आणि हुसेन यांच्याकडून. सगळे सय्यद आपलं कूळ या एका स्त्रीपर्यंत नेऊन पोचवतात. पुढे तिच्या नावाने एक राजघराणंच उभं राहिलं. फातिमी खलिफांनी ९०९ मध्ये आजच्या ट्युनिशियाच्या भागात सत्ता मिळवली, ९६९ मध्ये इजिप्त जिंकला आणि कैरो शहर वसवलं. तिथल्या अल-अझहर या विद्यापीठाचं नाव 'झहरा'वरून पडलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. आपल्या मुंबईतला दाऊदी बोहरा समाज आपली धर्मपरंपरा या फातिमी इमामांकडूनच सांगतो. भेंडीबाजारात फातेमा अशी हाक ऐकू आली, तर तिच्यामागे हजार वर्षांपूर्वीचं कैरो असतं.

नाव जसजसं पसरलं, तसतसं प्रत्येक भाषेने ते आपल्या जिभेला सोयीचं करून घेतलं. तुर्कस्तानात फातमा आणि फादिमे, इराणात फातेमे, सोमालियात फादुमा. पश्चिम आफ्रिकेत त्याचं फातुमाता झालं आणि लाडाने फातू. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य वकील म्हणून २०१२ ते २०२१ या काळात काम केलेल्या गांबियाच्या फातू बेन्सूदा, त्यांच्या नावातली फातू तीच. आपल्या उत्तरेत आणि हैदराबादेत आदर आणखी एक पायरी वर गेला. थेट तेच नाव ठेवण्याऐवजी 'कनीज फातिमा', म्हणजे फातिमेची दासी, असं नाव ठेवू लागले.

तुर्कस्तानात फातमा हे दीर्घकाळ बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारं नाव होतं. नव्याने जन्मणाऱ्या मुलींमध्ये मात्र २०१० च्या दशकात पहिला क्रमांक बहुतेक वर्षी झेनेप या नावाचा, म्हणजे आपल्याकडच्या झैनबचा होता. आणि झैनब कोण? तर फातिमाचीच लेक. इराणात फातेमे आणि झहरा ही दोन्ही नावं आजही खूप आढळतात आणि तिथे मातृदिन पाळतात तो फातिमाच्या जन्मदिवशी. लोकप्रियतेला एक दुखरी बाजूही असते. उत्तर आफ्रिकेत फ्रेंचांचं राज्य होतं, तेव्हा घरी कामाला येणाऱ्या कुठल्याही अरब बाईला साहेबलोक सरसकट 'फातमा' म्हणत. तिचं खरं नाव विचारायची तसदी कोण घेणार? फ्रेंच भाषेत तो हेटाळणीचा शब्दच होऊन बसला.

आता या नावाने युरोपात घेतलेलं वळण पाहू. पोर्तुगालमध्ये ओरेम शहराजवळ फातिमा नावाचं गाव आहे. तिथे अरबांची सत्ता होती, त्या काळाची ही खूण. दंतकथा अशी की बाराव्या शतकात गोन्सालो एर्मिगेस नावाच्या एका ख्रिस्ती सरदाराने फातिमा नावाची मूर राजकन्या पकडली. दोघांचं प्रेम जमलं, तिने धर्म बदलला, लग्न झालं आणि तिच्या नावावरून गावाचं नाव पडलं. कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, पण गावाचं नाव अरबी आहे, यात शंका नाही.

या आडगावात १३ मे १९१७ रोजी लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या मेंढरं राखणाऱ्या तीन मुलांनी आपल्याला तेजस्वी स्त्रीचं दर्शन झाल्याचं सांगितलं. १३ ऑक्टोबरपर्यंत दर्शनं होत राहिली. फ्रान्सिस्को आणि जासिंता दोघंही इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर लहानपणीच गेली. लुसिया जोगीण झाली आणि २००५ पर्यंत जगली. १९३० मध्ये चर्चने ही दर्शनं विश्वासार्ह मानली आणि मेरीमातेला नवी ओळख मिळाली, फातिमाची माता. धाकट्या दोघांना १३ मे २०१७ रोजी संतपद देण्यात आलं. पैगंबरांच्या मुलीचं नाव राजकन्येच्या दंतकथेतून गावाला लागलं, गावाचं नाव येशूच्या आईला लागलं आणि मग आया आपल्या मुलींना ते ठेवू लागल्या. पोर्तुगालमध्ये 'मारिया द फातिमा' हे नाव घरोघरी झालं. ब्राझीलच्या दूरदर्शनवर वर्षानुवर्षं बातम्या सांगणाऱ्या फातिमा बर्नार्डिस यांच्या नावाचा उगम हाच.

आणि गोवा. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांची सत्ता होती, त्यामुळे फातिमा मातेची भक्ती तिथे आली आणि रुजली. गोव्यातल्या कॅथलिक घरांमध्ये फातिमा नावाच्या बायका भेटतात आणि त्यात तिथे कुणाला नवल वाटत नाही. मुंबईतही विद्याविहारचं फातिमा हायस्कूल सगळ्यांना माहीत आहे, तेही ख्रिस्ती परंपरेतलंच. म्हणजे नुसत्या नावावरून धर्म ठरवणाऱ्याची मडगावात फजिती व्हायची.

आपल्या देशात या नावाच्या बायकांनी पहिलेपणाचे मान मिळवले आहेत. फातिमा बेगम यांनी १९२६ मध्ये मुंबईत 'बुलबुल-ए-परिस्तान' हा मूकपट दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्या कंपनीलाही त्यांनी स्वतःचंच नाव दिलं, फातमा फिल्म्स. त्यांची मुलगी झुबेदा ही पुढे 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची नायिका. आणि केरळच्या फातिमा बीवी ६ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. २०२३ मध्ये त्या वारल्या.

शेवटी पुण्यातली फातिमा. सावित्रीबाई फुले यांची सहकारी म्हणून फातिमा शेख हे नाव अलीकडे पुष्कळ घेतलं जातं. २०२५ च्या सुरुवातीला ती मुळात होती की नाही, यावरूनच मोठा वाद झाला. तिच्याबद्दल जे अनेक तपशील सांगितले जातात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना आधार कमी आहे, हे मान्य करायला हवं. पण एक आधार आहे. सावित्रीबाई आजारपणात नायगावला माहेरी होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात बरी होताच पुण्याला येईन, काळजी नसावी, असं कळवताना त्यांना मागे राहिलेली फातिमा आठवते. आपण नाही म्हणून तिला त्रास पडत असेल, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. उल्लेख एवढाच. तिथे आडनाव नाही, ती कोण, कुठली, तेही नाही. जोतीरावांना ते सांगायची गरजच नव्हती.