दात बसविण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य-व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. विश्वस्तांनी तो माझ्या गळ्यात घातला आहे. संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे अलीकडे इम्प्लांटसाठी अर्ज येऊ लागले आहेत आणि त्यांतला कोणता मान्य करावा, कोणता नाकारावा, याची मंडळींना पंचाईत पडते. चिटणीस मला म्हणाले, "डॉक्टर, एक सोपा नियम सांगून ठेवा. साठीच्या आतला असेल तर होय, पुढचा असेल तर नाही, चालेल का?" तो चालणार नाही. का चालणार नाही, ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

कवळी हिरडीवर टेकते, ब्रिज शेजारच्या दातांच्या खांद्यावर उभा राहतो. इम्प्लांट मात्र जबड्याच्या हाडातच रोवावयाचा असतो. टायटॅनियमचा एक स्क्रू, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब, आणि त्यावर दात. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहात होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटॅनियमची नळी काम झाल्यावर काढू गेले, तर ती निघेना! हाड तिला घट्ट चिकटून बसले होते. पुढे १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात प्रथम असे इम्प्लांट बसविले. तेव्हा प्रश्न एवढाच, की या माणसाचे हाड धातूला धरील काय, आणि धरलेले टिकवील काय. वयाचा दाखला याचे उत्तर देत नाही.

हाड आहे किती, हे पहिल्याने पाहावे लागते. दात काढला, की त्याला आधार देणारे हाड आपले काम संपले असे समजून झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्याच्या जवळपास घटू शकते. चार मिलिमीटरचा स्क्रू बसवावयाचा तर दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर तरी हाड शिल्लक हवे. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, तर खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून दोन मिलिमीटर दूर राहावे लागते, नाहीतर ओठ कायमचा बधिर होण्याची भीती. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची रुंदी कळत नाही, म्हणून सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन काढतात. पंधरा वर्षे खालची कवळी वापरलेल्या माणसाचा जबडा पुष्कळदा सुरीच्या धारेसारखा झालेला असतो. तिथे हाडाची भर घालता येते, पण त्यासाठी आणखी काही महिने आणि आणखी पैसे लागतात, हे अर्ज मंजूर करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

आता वयाचे पाहू. निधीकडे एका पंधरा वर्षांच्या मुलीचा अर्ज आला होता. सायकलवरून पडून समोरचा दात गेला होता. वडिलांना वाटे, पोर हसताना तोंडावर हात धरते, तर लगेच इम्प्लांट करून टाकावे. मी नाही म्हटले, आणि ते माझ्यावर रागावले. वाढत्या वयात जबड्याबरोबर नैसर्गिक दातही सरकत असतात. इम्प्लांट मात्र रोवला तिथेच राहतो. दोन-चार वर्षांत तोच दात आखूड दिसू लागला असता. चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत, म्हणजे मुलींत साधारण अठरा आणि मुलांत वीस-एकवीसपर्यंत, थांबणेच बरे. तोवर शेजारच्या दाताला मागून चिकटविलेला तात्पुरता दात तिला दिला आहे.

उलट एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. मुलगा म्हणाला, "आईला या वयात कशाला त्रास?" आजींना खालची कवळी तोंडात तरंगते म्हणून चार वर्षे वरणभाताखेरीज काही खाता येत नव्हते. प्रकृती ठणठणीत, साखर नाही, पुढच्या भागात हाड उत्तम. आम्ही खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट बसविले आणि बटणासारखी कवळी त्यांवर अडकविली. खाली एकही दात नसेल तर किमान हा उपाय द्यावा, असे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच म्हटले आहे. दर दाताला एक स्क्रू लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आजींनी त्या हिवाळ्यात सराफ्यातून गराडू मागवून खाल्ले. कशाने खाल्ले, ते मुलाला आधी कळलेच नाही.

मधुमेहाविषयी बोलताना मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. त्यांच्या हातात त्याच सकाळचा उपाशीपोटी साखरेचा अहवाल होता, अगदी निर्दोष. मी तेवढ्यावर विश्वासलो. तिसऱ्या महिन्यात इम्प्लांट हलू लागला आणि काढावा लागला. मग तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी तपासणी केली, तर आकडा दहाच्या वर! तपासणीपूर्वी दोन दिवस त्यांनी गोड आणि भात बंद ठेवले होते, इतकेच. दोष त्यांचा नव्हे. विचारावयाचे काम माझे होते. पैसे मी परत केले, पण गेलेले हाड परत करता आले नाही. मधुमेह आहे म्हणून कोणाला नाकारावयाचे कारण नाही. आकडा सातच्या आसपास असेल तर मी निःशंक पुढे जातो. आठच्या वर असेल तर माणसाला आधी त्याच्या वैद्याकडे धाडतो.

तंबाखू आणि विडी-सिगारेट यांविषयी उपदेश करीत नाही. तो तुम्ही घरी पुष्कळ ऐकता. धुराने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण वाढते, एवढे पुरे. आपल्या या भागात मला जास्त भीती सुपारी आणि गुटख्याची वाटते. त्याने गालाच्या आतली कातडी ताठर होते आणि तोंडच उघडत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. (मागच्या रांगेतली मंडळी लागलीच करून पाहू लागली, छान!) ती जात नसतील तर आमची हत्यारे कशी जाणार? इम्प्लांटचे राहू द्या, आधी तोंड तपासून घ्या.

औषधांची यादी सांगताना लोक एक गोळी हमखास विसरतात, कारण ती रोजची नसते. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावयाची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, अशी गोळी देतात. याच कामासाठी काहींना सहा महिन्यांनी किंवा वर्षाने इंजेक्शनही असते. अशा औषधांमुळे जबड्याची जखम क्वचित भरत नाही आणि हाड उघडे पडते. गोळीवाल्यांना सरसकट नकार नाही, पण त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरी धरू नये. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत घेतलेली असतील तर मी इम्प्लांट टाळतो. जबड्यावर किरणोपचार झालेला असेल तर फार सावध राहावे लागते. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र दंतवैद्याकडे जावयाचे म्हणून कोणी आपल्या मनाने बंद करू नये. त्यात जिवाला धोका आहे.

पायोरियाने दात गमावलेल्यांना वाटते, की आता लोखंडी दात बसला, कीड लागावयाची नाही. कीड लागत नाही हे खरे. हिरडीचा रोग मात्र इम्प्लांटलाही होतो. म्हणून आधी पायोरियाचा उपचार, मग बाकीचे. ज्यांचे हात कापतात, त्यांच्या घरचे कोणी रोज सफाई करणार आहे काय, हेही मी विचारतो. रात्री दात खाण्याची सवयही विचारतो, आणि ती नेहमी बायकोच सांगते.

जो दात मुळाची चिकित्सा करून वाचतो, तो काढून तिथे इम्प्लांट घालण्यासाठी निधीने एक पैसाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिटणिसांनी सोपा नियम मागितला होता. त्याऐवजी मी अर्जाचा नवा नमुना करून आणला आहे. त्यात स्कॅन, एचबीएवनसी, चालू औषधे आणि हिरड्यांची स्थिती यांच्या जागा आहेत. शेवटी 'मंजूर' आणि 'नामंजूर' यांच्याजोडीला 'आता नाही' असा तिसरा रकाना घातला असून, पुन्हा केव्हा यावे ती तारीख त्यापुढे लिहावयाची आहे. त्या मुलीच्या अर्जावर मी ती तारीख आजच लिहून दिली आहे.