एक वर्ष नाटकाला

मंडळी, आपल्या इंदूरच्या कितीतरी घरांत वकिलीचा काळा कोट दोन-तीन पिढ्यांचा. आता पदवी झालेली मुलं म्हणतात, एलएलबी वर्षभर पुढे ढकलू, नाटक करू. आपण लगेच ‘वर्ष वाया’ म्हणून मोकळे होतो. मग कोणी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं नाव घेतं : ते वकिली सांभाळून नाटकं लिहीतच होते ना! होते. पण लिहिणं रात्री घरी बसून जमतं. नटाला तालमीला सगळ्यांच्या वेळेत हजर राहावं लागतं.

पदवीनंतरची एलएलबी 3 वर्षांची. अर्ज पुढच्या वर्षीही करता येतो. यंदा मिळालेली जागा मात्र सहसा कोणी राखून ठेवत नाही, हे मुलांना आधीच सांगावं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रमही 3 वर्षांचाच, आणि तिथे अर्ज करायलाच नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. हे वर्ष त्या तयारीचं, की नुसतं वकिली टाळायचं? एवढं आपण जरूर विचारू. कुठली नाटकं, कोणाबरोबर, हे ज्याला सांगता येतं त्याला वर्ष द्यावं, असं आम्हाला वाटतं. राहणं-जेवण घरचं, वरखर्च त्याचा त्याने कमवावा.

तालमीला जागा नाही म्हणतात. आपल्या मंडळाचं सभागृह दुपारभर कुलुपातच असतं.